उकिरड्याचा हक्क

हिंगोली जिल्ह्यांत, वसमत तालुक्यांत, कुरुंदा नांवाचें गांव आहे. वाचकांपैकीं पुष्कळांस हें नांव नरहर कुरुंदकरांच्या आडनांवामुळें परिचित असेल. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, पुढें तो परभणी जिल्ह्यांत राहिला, आणि १९९९ पासून हिंगोली जिल्ह्यांत मोडतो. आम्हांस येथें त्याची आठवण होते ती मात्र निराळ्या कारणानें. शहरांतील कचरा वेंचणाऱ्या लोकांचा इतिहास लिहावयाचा, तर त्याचा आरंभ शहरांत करून भागत नाहीं. कुरुंद्यासारख्या मराठवाडी गांवाच्या उकिरड्यापाशीं आधीं जावें लागतें.

जुन्या गांवगाड्यांत पदार्थांमध्यें टाकाऊ अशी जात फारशी नव्हती. माणसांमध्यें होती, पण तें पुढें. शेण, वैरणीचा चोथा, चुलीची उरलेली राख हें सारें उकिरड्यावर जाई आणि पावसाळ्यापूर्वीं गाड्या भरून शेतांत पडे. फाटलेलें लुगडें आधीं पोराचें दुपटें होई, मग वाकळेचा एक थर होई, आणि अगदींच विरलें म्हणजे चुलीजवळचें फडकें होई. फुटक्या तांब्यापितळेची मोड तांबटास देऊन नवें भांडें घेत. झिजलेल्या फाळाचें लोखंड पुन्हां लोहाराच्या भट्टींत जाई. संत नामदेवांचें म्हणून सांगितलें जाणारें नरसी गांव ह्याच जिल्ह्यांत आहे. ते जातीचे शिंपी. आणि शिंप्याच्या घरीं चिंधीसुद्धां कोणी फेंकीत नसे. मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकास, दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यांत, तर चिंध्या कुटून हातकागद बनवीत. राज्यकर्त्यांचे हुकूम ज्या कागदावर उमटले, तो एके काळीं कोणाच्या तरी अंगावरचा कपडा होता, ही गोष्ट इतिहासाच्या अभ्यासकांनीं ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

आतां माणसांकडे वळूं. मेलेलें जनावर गांवाबाहेर ओढून नेण्याचें काम महारांचें, आणि त्याच्या मोबदल्यांत बहुतेक ठिकाणीं त्या जनावरावर त्यांचा हक्क मानला जाई. मांग अंबाडीचे दोर वळी आणि शिंदीच्या पानांची केरसुणी बांधी. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीं ह्याच केरसुणीस लक्ष्मी मानून घरोघर हळदकुंकू वाहत. ती बांधणारे हात मात्र उंबऱ्याच्या आंत येऊं शकत नसत. ह्या विसंगतीचें आश्चर्य वाटण्याऐवजीं आपल्यांतील पुष्कळांस अजूनहि तिची संवय आहे. आम्हांस येथें एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, ह्या व्यवस्थेंत विटाळ आणि हक्क हीं दोन्ही एकाच दाव्यानें बांधलेलीं होतीं. घाण जो उचली, ती घाण त्याची ठरे.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हां हें दावें तुटलें. तें पूर्वीपासून विरत आलें होतेंच. त्या वर्षानें शेवटचा हिसका दिला. विहिरी आटल्या, जनावरें बाजारांत कवडीमोलानें गेलीं, आणि मराठवाडा, सोलापूर, नगर ह्या भागांतील असंख्य कुटुंबें पुण्यामुंबईच्या वाटेस लागलीं. त्यांतील भूमिहीन दलित स्त्रियांस शहरांत सहजासहजीं काम मिळेना. घरकामासहि जात आडवी येई. एकच धंदा असा होता कीं ज्यांत भांडवल लागत नाहीं, कोणी जात विचारीत नाहीं, आणि स्पर्धेस वरच्या थरांतील कोणी येत नाहीं. खांद्यावर पोतें घेऊन बायका कचरापेट्यांकडे वळल्या.

ह्या कामांत कौशल्य नाहीं असें मानणें ही सुशिक्षितांची मोठी चूक आहे. काच पांढरी कीं रंगीत, कागद कोरा कीं छापील, पुठ्ठा कोरडा कीं भिजका, प्लॅस्टिक कडक कीं मऊ, हें वेंचणारी बाई हाताच्या स्पर्शानें आणि चुरगळल्याच्या आवाजानें ओळखते, कारण प्रत्येकाचा भाव निराळा असतो. तिच्या पोत्यांतून माल भंगाराच्या दुकानीं, तेथून मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि शेवटीं कागदाच्या गिरणींत किंवा ओतशाळेंत जातो. ह्या सांखळींतील प्रत्येक कडीस नफा असे, पहिलीस सर्वांत थोडा. शिवाय गांवांत विटाळासोबत निदान एक हक्क होता. शहरांत विटाळ तेवढा राहिला आणि हक्क गेला. पेटींतला कागद उचलणारी बाई पोलिसांच्या दृष्टीनें चोर ठरूं शके.

कचरा कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न केवळ आपलाच नव्हे. पॅरिसमध्यें १८८३ सालीं पूबेल नांवाच्या प्रीफेक्टनें प्रत्येक घरमालकानें झांकणाची पेटी ठेवावी असा हुकूम काढला. शहर स्वच्छ होणार म्हणून नागरिक आनंदले असतील. पण रस्त्यावरच्या ढिगांतून चिंध्या व हाडें वेंचून पोट भरणाऱ्या हजारों लोकांनीं एकच ओरड केली. फ्रेंच भाषेंत कचरापेटीस आजहि त्या अधिकाऱ्याचेंच नांव आहे. वेंचणारांपैकीं कोणाचें नांव भाषेनें ठेवलें नाहीं.

पुण्यांत हा प्रश्न १९९० नंतर उभा राहिला. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागांतील लक्ष्मी नारायणन् व पूर्णिमा चिकरमाने ह्या कार्यकर्त्या ह्या बायकांबरोबर फिरूं लागल्या होत्या. उकिरड्यांत हात घालण्याऐवजीं घरोघरीं वेगळा केलेला सुका कचरा मिळाला तर काम पुष्कळ सोपें होईल, असा प्रयोग त्यांनीं सुरू केला. तोंच एका व्यावसायिकानें गाडी आणून तोच कचरा नेण्याचा घाट घातला. ज्या मालाकडे कालपर्यंत कोणी नाक दाबल्यावांचून पाहत नव्हतें, त्यास आतां दुसरा धनी मिळूं पाहत होता. बायकांनीं विरोध केला, आणि १९९३ सालीं कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. हमालांची संघटना पूर्वींच उभारलेले डॉ. बाबा आढाव हे तिच्या पाठीशीं होते. पुढें पुणें महानगरपालिकेनें ह्या बायकांच्या ओळखपत्रांस मान्यता दिली. एका लहानशा छायाचित्राच्या पत्त्यानें पोलिसांपुढें माणूस उभा करतां येतो, हें ज्यांच्यापाशीं पूर्वीं कोणताहि कागद नव्हता त्यांनाच कळावें.

येथें एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाहीं. १९२७ सालीं महाडास डॉ. आंबेडकरांनीं अस्पृश्यांस मृत मांस व शिळे तुकडे सोडण्याचा उपदेश केला. दुसऱ्याच वर्षीं मुंबईच्या कौन्सिलांत महार वतनासंबंधीं विधेयक मांडलें. हक्क म्हणून जें दिलें जातें तेंच बेडी असतें, असा त्यामागचा विचार होता. मग त्याच समाजांतील स्त्रियांनीं कचऱ्यावर हक्क सांगावा, हें त्या चळवळीच्या उलट जाणें नव्हे काय? आम्हांस बराच काळ असेंच वाटत असे. परंतु वतन जन्मानें मिळे आणि सोडतां येत नसे. पंचायतीची सभासद वर्गणी देऊन सभासद होते, भाव ठरविण्यास बसते, आणि आपली मुलगी ह्या धंद्यांत येऊं नये म्हणून तिला शाळेंत घालते. दोन्ही ठिकाणीं शब्द हक्क हाच असला तरी अर्थ एक नाहीं. तरीहि हातमोजे घालून वेंचलेला सडका कचरा सडकाच असतो, आणि हें काम अजूनहि बहुतांशीं त्याच जातींच्या बायका करतात, ह्या गोष्टीकडे डोळेझांक करून पंचायतीची स्तुति करणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

२००८ सालीं पंचायतीच्या सभासदांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुढें आली आणि महानगरपालिकेशीं तिचा पांच वर्षांचा करार झाला. घरोघरचा कचरा ह्या बायकांनीं गोळा करावा, प्रत्येक घरानें त्याबद्दल महिन्याचें शुल्क द्यावें, आणि सुक्या मालाची विक्री त्यांनींच करावी, असें त्याचें स्वरूप होतें. केंद्र सरकारच्या २०१६ सालच्या नियमांत वेंचणाऱ्यांस व्यवस्थेंत सामावून घ्यावें असें स्पष्ट लिहिलें गेलें, त्यापूर्वीं आठ वर्षें पुण्यांत हें घडलें होतें.

परंतु कराराची मुदत संपली म्हणजे नव्यानें वाटाघाटी होत, आणि मोठ्या गाड्यांच्या कंत्राटदारांची बाजू तितकीच पुढें येई. महिन्याचें शुल्क देण्यास खळखळ करणारीं घरेंहि कांहीं थोडीं नाहींत. तीं आपल्याच वस्तींतील आहेत. त्याच घरांच्या दारांत बाई सकाळीं ओला डबा एका बादलींत रिकामा करते, सुका पोत्यांत, आणि दुधाच्या पिशव्या वेगळ्या काढून ठेवते, कारण त्यांचा भाव निराळा आहे.