सीनवरची सहल : पॅरिसच्या नौकाविहाराचा इतिहास

सीन नदीची लांबी ७७७ किलोमीटर आहे. त्यांतले जेमतेम १३ किलोमीटर पॅरिस शहराच्या हद्दीत येतात. एवढ्या पल्ल्यावर ३७ पूल आहेत आणि त्यांच्या कमानींखालून पर्यटकांच्या काचेच्या बोटी सकाळपासून रात्रीपर्यंत ये-जा करतात. आयफेल टॉवरच्या पायथ्याशी किंवा आल्मा पुलाजवळ बोटीत बसायचे, प्रवाहाविरुद्ध जात लूव्र आणि नोत्र दाम पाहायचे, सँ-लुई बेटाला वळसा घालायचा आणि तासाभरात निघाल्या धक्क्यावर परत यायचे, असा या सहलीचा ठरलेला क्रम असतो. आजच्या स्वरूपातला हा व्यवसाय पाऊणशे वर्षांचा आहे. त्याच्या पाठीशी मात्र दोन हजार वर्षांची जलवाहतूक आहे, आणि ती वाहतूक शहराच्या मध्यातून ओसरत गेली तेव्हाच सहलीला जागा मिळाली.

पॅरिसच्या नावाड्यांचा सर्वांत जुना पुरावा दगडात कोरलेला आहे. इ. स. १७११ मध्ये नोत्र दामच्या गाभाऱ्याखाली खोदकाम चालू असताना कोरीव शिळा सापडल्या. रोमन सम्राट तिबेरियस याच्या काळात, म्हणजे इ. स. १४ ते ३७ या दरम्यान, पारिसी जमातीच्या नावाड्यांच्या संघाने ज्युपिटर देवाला अर्पण केलेल्या स्तंभाचे ते भाग होते. त्यांवर ज्युपिटर, व्हल्कन अशा रोमन देवांबरोबर एसुस आणि केर्नुनोस हे स्थानिक गॉल देवही कोरलेले आहेत. सम्राटाचे नाव घालून असा स्तंभ उभारण्याइतकी ऐपत आणि प्रतिष्ठा या नावाड्यांकडे होती, हे त्यावरून दिसते. हा स्तंभ आता पॅरिसच्या क्लुनी संग्रहालयात आहे.

मध्ययुगात नदीवरची सत्ता ‘पाण्याच्या व्यापाऱ्यां’च्या हाती गेली. सातव्या लुई राजाने ११७०-७१ च्या सुमारास दिलेल्या सनदेने त्यांचे जुने हक्क कायम केले. मांत आणि पॅरिस यांच्या दरम्यान नदीतून माल आणायचा तर परक्या व्यापाऱ्याला पॅरिसच्या एखाद्या व्यापाऱ्याशी भागीदारी करावी लागे आणि नफ्याचा निम्मा वाटा त्याला द्यावा लागे. धान्य, दारू, मीठ, लाकूड असा बहुतेक जड माल पाण्यावरूनच येत असल्यामुळे या हक्काची किंमत मोठी होती. पुढे या संघाचा प्रमुख हाच शहराच्या कारभाराचा प्रमुख ठरला. या पदावरच्या एतिएन मार्सेल याने १३५७ मध्ये ग्रेव्ह येथील धक्क्यासमोरचे एक घर नगरसंस्थेसाठी विकत घेतले. पॅरिसचे नगरभवन आजही त्याच जागी उभे आहे. संघाच्या मोहोरेवरची नौका शहराच्या बोधचिन्हात गेली. ‘हेलकावते, पण बुडत नाही’ अशा अर्थाचे लॅटिन बोधवाक्य १८५३ मध्ये प्रशासक ओस्मान याने अधिकृत केले.

त्या काळातली नदी प्रेक्षणीय नव्हती. काठांवर माल उतरवण्याचे उतार होते, पाण्यात पिठाच्या चक्क्या आणि धोबिणींच्या बोटी नांगरलेल्या होत्या. सोळाव्या शतकाच्या मध्यापासून मोर्वाँच्या जंगलातले सरपण ओंडक्यांचे तराफे करून प्रवाहातून शहरात आणले जाऊ लागले. पुलांवर दुतर्फा चार-पाच मजली घरे होती, त्यामुळे पुलावरून जाणाऱ्याला नदी दिसत नसे आणि नावेतून जाणाऱ्याला शहर दिसत नसे. १६०७ मध्ये पुरा झालेला पाँ नफ हा घरांवाचून बांधलेला पहिला दगडी पूल. त्यावर पायी चालणाऱ्यांसाठी वेगळी उंच वाट होती, आणि तेथून नदी पाहत उभे राहणे ही पॅरिसकरांची करमणूक बनली. इतर पुलांवरची घरे पाडण्याचा राजाचा हुकूम १७८६ मध्ये निघाला. त्याच्या तीसेक वर्षे आधी रागने या चित्रकाराने नावाड्यांच्या झुंजीचे चित्र काढले होते. त्यात पाठीमागचा नोत्र दाम पूल घरांनी गच्च भरलेला दिसतो. पूल मोकळे झाले आणि नेपोलियनच्या काळापासून काठांना दगडी बांध घातले गेले, तेव्हा शहराचे दर्शनी तोंड नदीकडे वळले.

प्रवाशांची वाहतूकही जुनीच. सतराव्या-अठराव्या शतकांत घोड्यांनी काठावरून ओढलेल्या प्रवासी नौका ठरावीक दिवशी वरच्या अंगाच्या गावांना जात. त्यांचा वेग कमी होता, पण भाडे घोडागाडीपेक्षा स्वस्त पडे आणि खड्ड्यांचा त्रास नसे. खालच्या अंगाला सेव्र आणि सँ-क्लू या गावांकडे जाणारी नौका मुख्यतः सुट्टीच्या दिवशी बाहेर पडणाऱ्या पॅरिसकरांची होती. लुई-बालताझार नेल याने १७४८ मध्ये या फेरीवर एक विनोदी प्रवासवर्णन लिहिले. कधीही शहर न सोडलेला त्याचा नायक काही तासांच्या या प्रवासाला सागरी सफर समजून निरवानिरव करून निघतो. केवळ मौजेसाठी सीनवर जाण्याची सवय अठराव्या शतकात इतकी रुळली होती की तिची थट्टा करता येत होती.

वाफेचे यंत्र सीनवर लवकर आले, पण टिकायला वेळ लागला. अमेरिकन संशोधक रॉबर्ट फुल्टन याने ९ ऑगस्ट १८०३ रोजी पॅरिसमध्ये आपली वाफेची बोट प्रवाहाविरुद्ध चालवून दाखवली. फ्रेंच सरकारने तिच्यात रस घेतला नाही. मार्च १८१६ मध्ये ‘एलीझ’ ही बोट इंग्लिश खाडी ओलांडून थेट पॅरिसला पोहोचली. तरी नियमित सेवा सुरू होण्यात खरी अडचण पाण्याची होती. उन्हाळ्यात नदी उथळ होई, हिवाळ्यात फुगे, आणि पुलांच्या अरुंद कमानींखाली ओढ जबर असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर नदीवर हलवता येणारे बंधारे आणि बोटींना वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे लॉक बांधले गेले. १८६० च्या दशकात शहराच्या खालच्या बाजूला सुरेन येथे बंधारा झाला, आणि त्याच्या मागे तुंबलेल्या पाण्यामुळे पॅरिसमधली पातळी बऱ्याच अंशी स्थिर झाली. वेळापत्रकावर बोट चालवणे आता शक्य होते.

निमित्त मिळाले १८६७ च्या जागतिक प्रदर्शनाचे. हे प्रदर्शन नदीकाठच्या शाँ द मार्स मैदानावर भरले होते आणि लाखो लोकांना तेथे नेण्याचा प्रश्न होता. लियाँ शहरात सोन नदीवर छोट्या प्रवासी आगबोटी आधीच चालत होत्या. त्या ‘मूश’ नावाच्या तिथल्या भागातल्या कारखान्यांत बांधल्या जात, म्हणून त्यांना बातो-मूश म्हणत. त्यांचा कारखानदार मिशेल फेलिझा याने पॅरिसचा परवाना मिळवला आणि सुमारे तीस बोटी नद्या-कालव्यांच्या वाटेने उत्तरेला आणल्या. लांबट, अरुंद, बसक्या धुराड्याच्या या बोटी पुलांखालून सहज जात. प्रदर्शन संपले, पण बोटी राहिल्या. त्यांनी शहराच्या पूर्वेचे शारांतों आणि पश्चिमेचे ओतॉय जोडले. पुढे सुरेनपर्यंत फेऱ्या सुरू झाल्या. प्रतिस्पर्धी कंपन्याही उतरल्या आणि १८८० च्या दशकाच्या मध्यास त्या सगळ्यांची मिळून एक कंपनी झाली.

या बोटी म्हणजे पाण्यावरची बससेवा होती. कारकून, कामगार, शिवणकाम करणाऱ्या मुली रोज त्यांतून जात आणि ठरावीक अंतरावरच्या तरंगत्या धक्क्यांवर चढत-उतरत. सहलीचे अंग मात्र तिला पहिल्यापासून होते. कामाच्या दिवशी भाडे कमी आणि रविवारी जास्त घेतले जाई, कारण रविवारी सुरेन किंवा सँ-क्लूच्या हिरवळीवर जाणाऱ्यांची गर्दी असे. १८७८, १८८९ आणि १९०० ची जागतिक प्रदर्शनेही नदीकाठीच भरली. प्रत्येक प्रदर्शनाने बोटींना उतारू दिले, आणि शेवटच्या दोघांनी काठावर कायमच्या वास्तूही ठेवल्या. आयफेल टॉवर १८८९ चा. ग्रां पाले, आलेक्सांद्र तिसरा पूल आणि पुढे १९८६ मध्ये संग्रहालय झालेले ओर्से रेल्वे स्थानक १९०० चे. आजच्या सहलीत निवेदक ज्या इमारतींकडे बोट दाखवतो, त्यांतल्या पुष्कळशा या बोटींच्या डोळ्यांदेखत उभ्या राहिल्या.

उताराला लागण्याचे कारणही १९०० मध्येच आले. त्या वर्षी १९ जुलैला पॅरिसची पहिली मेट्रो धावली. मेट्रोला पूर आडवा येत नव्हता, धुके आडवे येत नव्हते, आणि नदीपासून दूरच्या वस्त्यांनाही तिचा उपयोग होता. विजेच्या ट्रॅम आणि मोटार-बस आल्या तसे उतारू कमी होत गेले. पहिल्या महायुद्धात सेवा खंडित झाली. युद्धानंतर ती पुन्हा सुरू झाली तरी तोट्यातच राहिली आणि १९३४ मध्ये कायमची बंद पडली. सुमारे सत्तर वर्षे शहराची वाहतूक केलेल्या बोटी भंगारात गेल्या किंवा धक्क्याला बांधून पडल्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर झाँ ब्रुएल या उद्योजकाने अशीच एक जुनी बोट मिळवून १९४९-५० च्या सुमारास नवा व्यवसाय सुरू केला. त्याच्या बोटीला मधले थांबे नव्हते आणि कुठे पोहोचायचेही नव्हते. जिथून निघायचे तिथेच उतरायचे. मेट्रोशी असलेली स्पर्धा अशा रीतीने आपोआप संपली. ‘बातो-मूश’ हे जुने लोकप्रिय नाव त्याने आपल्या कंपनीसाठी नोंदवून घेतले. १ एप्रिल १९५३ रोजी त्याने बोटींचे जनक म्हणून ‘झाँ-सेबास्त्यँ मूश’ नावाच्या गृहस्थाच्या अर्धपुतळ्याचे मान्यवरांच्या उपस्थितीत अनावरण केले. असा कोणी गृहस्थ कधीच नव्हता; ओस्मानचा सहकारी म्हणून त्याचे चरित्र रोबेर एस्कार्पी या लेखकाने रचले होते. एप्रिल फूलचा हा विनोद वर्तमानपत्रांतून गाजला आणि कंपनीची फुकट जाहिरात झाली. काचेचे छत, रात्रीचे जेवण, अनेक भाषांतले निवेदन आणि इमारतींवर प्रकाशझोत टाकणारे दिवे ही वैशिष्ट्ये पुढच्या वर्षांत रूढ झाली. १९५६ मध्ये आयफेल टॉवरजवळून ‘बातो पारिझियँ’ आणि १९५९ मध्ये सिते बेटाच्या टोकावरून ‘व्हेदेत द्यु पाँ-नफ’ या कंपन्या सुरू झाल्या.

या बोटींचा आकार पुलांनी ठरवला. आलेक्सांद्र तिसरा पूल शाँझेलिझेकडून अँव्हालिदच्या घुमटाकडे जाणारी नजर अडवू नये म्हणून मुद्दाम बसका बांधला आहे. त्याची पोलादी कमान नदीच्या एका काठावरून दुसऱ्या काठापर्यंत १०७ मीटर पसरलेली आहे. अशा पुलांखालून जाणारी बोट उंच करता येत नाही, म्हणून जास्त माणसे बसवायची तर ती लांब आणि रुंद करावी लागते. पाणी चढले की कमानीखालची मोकळी जागा घटते आणि फेऱ्या थांबवाव्या लागतात. आल्मा पुलाशी असलेला झुआव्ह सैनिकाचा पुतळा हे पॅरिसकरांचे पूर मोजण्याचे माप आहे. १९१० च्या महापुरात ओस्टरलित्झ पुलाजवळ पाणी ८.६२ मीटरपर्यंत चढले आणि सैनिकाच्या खांद्यांना लागले. त्यानंतर वरच्या खोऱ्यात चार मोठे जलाशय बांधले गेले. ते हिवाळ्यात पाणी अडवतात आणि उन्हाळ्यात सोडतात. तरीही जून २०१६ मध्ये पातळी ६.१० मीटर झाली, सहली बंद पडल्या आणि लूव्रच्या तळघरांतल्या कलाकृती वर हलवाव्या लागल्या.

सहलीचा धंदा वाढत असताना काठांचे रूप आणखी दोनदा पालटले. आधी धक्क्यांवर मोटारींचे राज्य आले: उजव्या काठावरचा जलदगती रस्ता १९६७ मध्ये खुला झाला आणि माल उतरवण्याच्या जुन्या जागा त्याखाली गेल्या. सली पुलापासून एना पुलापर्यंतचे काठ १९९१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेव्हा काठावरून मोटारींची रांग धावतच होती. डाव्या काठाचा मोठा भाग २०१३ मध्ये आणि उजव्या काठाचा २०१६ मध्ये वाहनांना बंद करून पादचाऱ्यांना दिला गेला.

नदी पूर्णपणे पर्यटकांची झाली असे मात्र नाही. वाळू, खडी आणि सिमेंट घेऊन जाणारे पडाव आजही सहलीच्या बोटींच्या बाजूने जातात आणि बांधकामाचा माल शहरात पोहोचवतात. १९८९ मध्ये सुरू झालेल्या ‘बातोबुस’ सेवेने मधल्या थांब्यांची जुनी पद्धत पुन्हा आणली, जरी तिचे उतारू मुख्यतः पाहुणेच आहेत. २६ जुलै २०२४ रोजी ऑलिंपिकचे उद्घाटन स्टेडियमऐवजी सीनवर झाले; भर पावसात हजारो खेळाडू बोटींतून ओस्टरलित्झ पुलापासून एना पुलापर्यंत सहा किलोमीटर आले. त्या बोटींत नेहमीच्या पर्यटक बोटीही होत्या. या स्पर्धांच्या निमित्ताने सांडपाण्याची मोठी कामे झाली. १९२३ पासून बंदी असलेले पोहणे जुलै २०२५ मध्ये ठरावीक तीन जागी लोकांना खुले झाले. डिझेलवर चालणाऱ्या बोटी विजेवर आणण्याचे कामही त्याच सुमारास सुरू झाले आणि अजून चालू आहे.