सीमांत क्षेत्र लसीकार्बुद

प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या बी लसीका कोशिकांपासून उद्भवणाऱ्या आणि बहुधा मंद गतीने वाढणाऱ्या कर्करोगांचा एक गट. प्लीहा (पाणथरी) व इतर लसीकाभ ऊतकांत (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांत) लसीका कोशिकांचे गोलसर पुंजके असतात. त्यांच्या सर्वांत बाहेरच्या कड्याला सीमांत क्षेत्र म्हणतात. तेथील कोशिकांशी या अर्बुदातील कोशिकांचे साम्य आढळल्यामुळे हे नाव रूढ झाले. उद्भवस्थानानुसार याचे तीन मुख्य प्रकार मानतात : लसीका ग्रंथींच्या बाहेर, विशेषतः श्लेष्मकलेत (बुळबुळीत अस्तरात) होणारा; प्लीहेत होणारा आणि लसीका ग्रंथीतच होणारा. यांपैकी पहिला सर्वाधिक आढळतो व कर्करोगाविषयीच्या एका दृढ समजुतीला धक्का देणारा म्हणून त्याचाच इतिहास विशेष उद्‌बोधक आहे.

टॉमस हॉजकिन यांनी १८३२ मध्ये लसीका ग्रंथींच्या रोगाचे वर्णन केल्यापासून या क्षेत्रातील विचार बहुतांशी ग्रंथींभोवतीच फिरत राहिला. कार्ल लेनर्ट व त्यांचे सहकारी यांनी १९७४ मध्ये मांडलेले कील वर्गीकरणही ग्रंथींच्या सूक्ष्मदर्शकीय रचनेवर आधारलेले होते. जठरात उद्भवणारी लसीकार्बुदे या चौकटीत नीट बसत नसत. ती अनेक वर्षे जागच्या जागी राहत व शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दीर्घकाळ जगत. त्यामुळे अशा पुष्कळ विकृतींना ‘छद्म लसीकार्बुद’ म्हणजे कर्करोगासारखे दिसणारे परंतु कर्करोग नसलेले असे म्हटले जाई. हा वाद केवळ शब्दांचा नव्हता. रुग्णाचे जठर काढून टाकावयाचे की नाही, हे त्यावर अवलंबून असे.

भूमध्य समुद्राभोवतालच्या व मध्यपूर्वेतील प्रदेशांत तरुण वयात होणारे लहान आतड्याचे एक लसीकार्बुद आधीपासून माहीत होते. मॅक्सीम सेलिगमन व त्यांचे सहकारी यांनी १९६८ मध्ये पॅरिस येथे या विकाराशी निगडित असलेले एक अपूर्ण प्रतिपिंड शोधून काढले. प्रारंभिक अवस्थेतील काही रुग्ण टेट्रासायक्लीन या प्रतिजैव पदार्थाने बरे होत, असेही पुढे दिसून आले. वस्तुतः सूत्र येथेच हाती लागले होते. परंतु विशिष्ट प्रदेशांपुरते वैचित्र्य म्हणून त्याकडे पाहिले गेले.

पीटर आयझॅक्सन व डेनिस राइट या इंग्लंडमधील विकृतिवैज्ञानिकांनी १९८३ मध्ये हे आतड्याचे लसीकार्बुद आणि पाश्चात्त्य रुग्णांमधील जठराचे लसीकार्बुद यांची तुलना केली. दोहोंची रचना ग्रंथींसारखी नसून आतड्याच्या अस्तरातील पायर पुंजक्यांसारखी असल्याचे त्यांनी दाखविले व श्लेष्मकलासंबद्ध लसीकाभ ऊतकाची अर्बुदे ही कल्पना मांडली. तिच्यामुळे एक कोडे निर्माण झाले. निरोगी जठरात असे ऊतक जवळजवळ नसतेच. मग जे ऊतक नाही त्याचे अर्बुद कसे होते?

याचे उत्तर ऑस्ट्रेलियातील पर्थ येथून आले. रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी जठरशोथाच्या (जठराच्या दाहयुक्त सुजेच्या) रुग्णांत आढळणारे सर्पिल सूक्ष्मजंतू १९८२ मध्ये कृत्रिम रीत्या वाढविले. त्यांना पुढे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळाले आणि या शोधाबद्दल दोघांना २००५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले. या सूक्ष्मजंतूंच्या दीर्घकालीन संसर्गामुळे जठराच्या अस्तरात लसीकाभ ऊतक नव्याने तयार होते. अँड्र्यू वॉदरस्पून, आयझॅक्सन व सहकारी यांनी १९९१ मध्ये जठरातील अशा ११० लसीकार्बुदांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्क्यांत हे सूक्ष्मजंतू आढळले. याच गटाच्या १९९३ मधील प्रयोगांत अर्बुदातील कोशिका सूक्ष्मजंतूंच्या विशिष्ट वाणाच्या सान्निध्यात वाढत व त्यासाठी टी लसीका कोशिकांचे साहाय्य लागे, असे दिसले. त्याच वर्षी सहा रुग्णांना केवळ सूक्ष्मजंतुनाशक औषधे देण्यात आली आणि पाच जणांतील अर्बुद दिसेनासे झाले.

एकदा मारक झालेली कोशिका मूळ कारणाची पर्वा न करता वाढतच जाते, असे तोवर सामान्यतः मानले जाई. येथे मात्र चेतना काढून घेताच वाढ ओसरली. पुढील अनुभवानुसार जठरापुरत्या मर्यादित रोगात सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांना हा उपचार लागू पडतो; परिणाम दिसण्यास मात्र कित्येक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो. अर्थात परावलंबनाची ही अवस्था कायम राहतेच असे नाही. ११ व १८ या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली अर्बुदे बहुधा औषधांना दाद देत नाहीत. त्यांतून निर्माण होणारा संयुक्त जीन १९९९ मध्ये ओळखला गेला. अशा वेळी किरणोपचार किंवा रिटुक्सिमॅबसारखी प्रतिपिंडे वापरतात.

इतरत्रही असेच दीर्घकालीन शोथ कारणीभूत ठरतात : लालाग्रंथीत शेग्रेन रोग आणि अवटू ग्रंथीत हाशिमोटो रोग (दोन्ही प्रतिरक्षा यंत्रणा स्वतःच्याच ऊतकांवर उलटल्यामुळे होणारे). नेत्राभोवतीच्या ऊतकांतील अर्बुदांशी क्लॅमिडिया सिटॅसी या सूक्ष्मजंतूचा संबंध २००४ मध्ये इटलीत दाखविण्यात आला. तथापि तो सर्व देशांत सारखा आढळत नाही. प्लीहेतील प्रकाराचे स्वतंत्र वर्णन १९९२ मध्ये झाले. सी यकृतशोथाच्या व्हायरसाने बाधित असलेल्या काही रुग्णांत व्हायरसविरोधी उपचाराने तो मागे हटल्याचे फ्रान्समध्ये २००२ मध्ये सिद्ध झाले. लसीका ग्रंथीतील प्रकार विरळा असून त्याचे कारण बहुधा सापडत नाही.

हे तिन्ही प्रकार १९९४ च्या यूरोपीय-अमेरिकन वर्गीकरणात व नंतर जागतिक आरोग्य संघटनेच्या २००१ च्या वर्गीकरणात समाविष्ट झाले. सीमारेषेचा जुना वाद मात्र मिटला नाही. त्वचेतील प्रकार २०२२ मध्ये दोन आंतरराष्ट्रीय गटांनी वेगळा काढला. पण एकाने त्याला लसीकार्बुदच म्हटले, तर दुसऱ्याने तो शब्द टाळून केवळ लसीका कोशिकांच्या वृद्धीचा विकार असे नाव दिले.