स्त्रीपार्टी (नट, वेष व रंगभूमी)

स्त्रीपार्टी : रंगभूमीवर स्त्रीची भूमिका करणारा पुरुष नट; ती भूमिका असाही अर्थ. दशावतारात राजपार्टी, स्त्रीपार्टी अशी नटांची वाटणी असते. संगीत नाटकमंडळ्यांतही हा शब्द रुळला. प्रस्तुत नोंद मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रत्नागिरी जिल्ह्यापुरती आणि त्याच काळातील पुण्या-मुंबईच्या नाटकांपुरती आहे. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात देवगड, मालवण, वेंगुर्ले हे तालुकेही येत. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी.

दशावतारी खेळ कोकणात आणण्याचे श्रेय परंपरेने राजापूर तालुक्यातील आडिवऱ्याच्या श्यामजी नाईक काळे यांना दिले जाते. साल सांगतात १७२८. कर्नाटकातील यक्षगानाशी या खेळाचे नाते उघड दिसते. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रा सुरू झाल्या की मंडळी पेटारा डोक्यावर घेऊन देवळामागून देवळे करीत. पेटाऱ्यात वेष, दागिने आणि गणपती. खेळ रात्रभर चाले आणि पहाटे दहीकाल्याने संपे. पूर्वरंगात गणपती, शारदा, ब्रह्मदेव, संकासूर येतात. गणपतीच्या दोन बाजूंना ऋद्धि-सिद्धी नाचतात. ही कामे बहुधा कोवळ्या पोरांकडे असत, आणि पुढच्या स्त्रीपार्टीची उमेदवारी तिथेच होई. उत्तररंगातील आख्यानाला लिखित संहिता नसते. आज कोणते आख्यान लावायचे ते ठरते, पात्रे वाटली जातात, संवाद नट जागेवर रचतात. त्यामुळे द्रौपदी किंवा तारामती उभी करताना पाठांतर कामाला येत नाही. पुराण माहीत हवे, जीभ तयार हवी आणि पखवाजाचा बोल पायात उतरलेला हवा.

नेपथ्य म्हणजे एक बाकडे. तेच सिंहासन, तेच रथ, तेच पर्वत. मग प्रेक्षकाच्या डोळ्यांना खाद्य पुरवायचे ते वेषाने. स्त्रीपार्टीचा नट आपला चेहरा आपणच रंगवतो. जुन्या काळी सफेदा, पिवडी, कुंकू, काजळ एवढ्यावर भागे. काही नट केसच वाढवीत, बाकीचे गंगावण लावून अंबाडा घालीत. नऊवारी लुगडे, चोळी, नथ, कमरपट्टा, हातभर बांगड्या, पायात घुंगरू. यात सर्वांत कामाचा भाग कासोट्याचा. तो घट्ट मारला की नटाला गिरकी घेता येते, गुडघे टेकता येतात, प्रसंग पडला तर राक्षसाशी दोन हातही करता येतात, आणि देह झाकलेलाच राहतो. दिवट्यांच्या हलत्या उजेडात जर लखलखे, दाढीचा हिरवा अंश मात्र दिसत नसे. ही सोय अनेकांना लाभली असणार. पुढे गॅसबत्त्या आल्या आणि रंग जाड चढवावा लागू लागला.

जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या तालुक्यांत नमन-खेळे या लोकनाट्यातील गवळणीही पुरुषच होत. त्यातले मावशी हे सोंग तर मुद्दामच पुरुषी ठेवलेले : मिशा लपवायच्या नाहीत, आवाज बारीक करायचा नाही, हशा मिळवायचा. स्त्रीपार्टीचा हा दुसऱ्या टोकाचा नमुना अभ्यासक फारसा विचारात घेत नाहीत, हे बरोबर नाही.

नागर रंगभूमीवर पुरुषाने स्त्रीभूमिका करण्याची प्रथा १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवर’ नाटकापासून आली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा प्रयोग झाला तेव्हा शकुंतला होते शंकरराव मुजुमदार. १८८२ मध्ये बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर किर्लोस्करांच्या नाटकमंडळीत आले आणि शकुंतला, सुभद्रा यांचे गाणे व रूप दोन्ही त्यांच्या नावावर झाले. भाऊराव १९०१ मध्ये वारले. १९०५ मध्ये नारायण श्रीपाद राजहंस किर्लोस्कर मंडळीत दाखल झाले. त्यांना ‘बालगंधर्व’ हे नाव दिले ते रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी, असे सांगतात.

घरंदाज बाई चारचौघांत नटून बसली आहे आणि लोक तिला निरखून पाहताहेत, हे त्या काळात घडणे शक्य नव्हते. रंगमंचावर मात्र ते रोज घडे. साडीचा पदर खांद्यावर कसा राहावा, निऱ्या किती बारीक असाव्यात, अंबाड्यात वेणी कशी माळावी, हे पाहण्याची राजरोस जागा नाटकगृह होती आणि तिथे उभा होता पुरुष. १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना निघाला आणि नऊवारीतल्या, दागिन्यांनी मढलेल्या पौराणिक नायिका घराघरांच्या भिंतींवर आल्या. चित्रातली शकुंतला आणि नाटकातली शकुंतला एकमेकींसारख्या दिसू लागल्या. कोणी कोणाची नक्कल केली, याचा निवाडा प्रत्येक वेषापुरता वेगळा करावा लागेल. तिसरा धागा विलायती. इंग्लंडात १८९५ च्या सुमारास खांद्याशी फुग्यासारखी फुगलेली बाही जोरात होती. आपल्याकडे गाठीच्या चोळीशेजारी फुग्याच्या बाह्यांचे पोलके आले. आधी शिकलेल्या घरांत, मग सगळीकडे. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाल्यावर खरे शालू, खरी जर, ताजी फुले यांवर सढळ खर्च होऊ लागला आणि बालगंधर्वांचा वेष मध्यमवर्गीय बायकांसाठी वळणाचा नमुना झाला. मंडळीचे कर्ज वाढण्यात या हौसेचा वाटा होता.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत लंडनमध्ये नेमका उलटा प्रकार चालू होता. लेस्टर स्क्वेअरमधल्या अल्हाम्ब्रा आणि एम्पायर या नाट्यगृहांत बॅले रात्रीच्या करमणुकीचा मुख्य भाग असे आणि त्यात नायकाचे काम पुष्कळदा नर्तकीच पुरुषवेषात करी. एम्पायरची नृत्ये काटी लॅनर बसवीत, वेष विल्हेल्म या नावाने काम करणारा चित्रकार आखी. १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवासाठी अल्हाम्ब्रात ‘व्हिक्टोरिया अँड मेरी इंग्लंड’ हा बॅले झाला. संगीत आर्थर सलिव्हनचे. त्याच वर्षी डेन्मार्कची ॲडलिन जने एम्पायरमध्ये आली. बाहेरच्या जगात बाईचा घोटा दिसणे अशिष्ट मानले जाई, आणि रंगमंचावर आखूड घेराच्या झग्याखाली, घट्ट मोज्यांत सगळा पाय दिसे. प्रेक्षकांत पुरुषांचा भरणा असे. कमरेला मात्र सभ्य बाईचीच चोळबंदी, कॉर्सेट. कोकणच्या स्त्रीपार्टीला देह लपवून बाईपण दाखवायचे होते, लंडनच्या नर्तकीला पुरुषाच्या वेषात स्वतःचे बाईपण अधिकच उघड करायचे होते. दोन्हीकडे सभ्य घरच्या स्त्रीला रंगमंच बंद होता, हे साम्य वरच्या फरकापेक्षा मोलाचे वाटते. युरोपात पुरुष नर्तकाला पुन्हा मान मिळाला तो १९०९ नंतर, द्यागिलेव्हच्या रशियन मंडळीमुळे.

मराठी नाटकात स्त्रिया हळूहळू आल्या. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’त स्त्रीभूमिका स्त्रियांनीच केल्या, त्यांत ज्योत्स्ना भोळे होत्या. बोलपटही तोवर सुरू झाला होता, आणि पडद्यावरच्या बाईशेजारी मंचावरचा पुरुष टिकणे कठीण होते. बालगंधर्व मात्र त्यानंतरही लुगडे नेसून उभे राहत गेले. वय दिसू लागले तरी गाण्यासाठी लोक येत.

दशावताराने स्त्रियांना भूमिका देण्याची ही वाट धरली नाही. मालवण, कुडाळ, वेंगुर्ल्याच्या जत्रांत स्त्रीपार्टी आजही पुरुषच असतो. ओमप्रकाश चव्हाण यांच्यासारखा नट त्याच भूमिकांसाठी ओळखला जातो, आणि आता अंगावर बहुधा कृत्रिम जरीचा, विजेच्या दिव्यात अधिक चमकणारा शालू असतो. रत्नागिरीकडील काही नमन मंडळांत मात्र अलीकडे गवळणी मुली होतात. मावशीचे सोंग अजून पुरुषाकडेच आहे.