छतावरून उतरलेली वीज

काही वर्षांपूर्वी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या सुतारकामाच्या कारखान्यात मी गेलो होतो. कामाच्या मेजावर छतापासून एक वायर लोंबत होती आणि तिच्या टोकाशी पत्र्याच्या पेटीत सॉकेट बसवलेला होता. पेटीचा सारा भार त्या वायरीवरच होता. पुढे एके दिवशी ओढ बसून आतील एक तार स्क्रूखालून निसटली व पेटीस टेकली. एका कामगार मुलाने पेटी धरली, तो हात सुटेना. दुसऱ्याने धावत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून तो मुलगा वाचला. टांगलेल्या वस्तूचा भार कोणी वाहावा, हा प्रश्न दिसावयास क्षुल्लक. परंतु त्याचे उत्तर मनुष्यास हळूहळूच सापडले आहे.

वीज येण्यापूर्वीही कारखान्यात शक्ती छताकडूनच उतरत असे. वाफेच्या एंजिनाने फिरणारा लांब लोखंडी दंड वर बसवीत व त्यावरून चामड्याचे पट्टे प्रत्येक यंत्रापर्यंत खाली येत. विजेची मोटर आली, तेव्हा आरंभी पुष्कळ ठिकाणी तिनेही तो दंडच फिरवला. आपल्याकडे 1915 साली खोपोलीचे जलविद्युत् केंद्र सुरू झाले व मुंबईच्या गिरण्यांस त्याची वीज मिळू लागली. कालांतराने यंत्रागणिक मोटर आली. पट्टे गेले आणि त्यांच्या जागी वायरी आल्या.

हातात धरून चालविण्याच्या अवजारांची कथा मात्र निराळी आहे. 1882 साली एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र उघडले, ते मुख्यतः दिव्यांसाठी. 1895 साली जर्मनीत स्टुटगार्ट येथील फाइन यांच्या कारखान्याने विजेचे हातड्रिल तयार केले. पण त्यास वीज द्यावयाची कोठून? भिंतीत सॉकेट असण्याची चाल तेव्हा पडली नव्हती. हाताशी असे तो छतावरून लोंबणारा दिव्याचा होल्डर. 1904 साली अमेरिकेतील हार्वे हबेल याने दोन भागांच्या प्लगाचे पेटंट मिळवले. एक भाग होल्डरमध्ये फिरवून बसवावा, दुसरा हवा तेव्हा ओढून काढावा. अशा रीतीने दिव्याचा होल्डर हाच टांगता सॉकेट बनला. दिवा जागच्या जागी स्वस्थ राहतो. ड्रिल मात्र वायरीस क्षणोक्षणी ओढीत असते. जी वायर दिव्यापुरती होती, तिच्यावर आता कामगाराच्या मनगटाचे बळ येऊ लागले.

यावर पहिला उपाय म्हणजे होल्डरच्या झाकणाच्या आत वायरीस मारावयाची गाठ. ओढ गाठीवर यावी, स्क्रूवर येऊ नये, हा तिचा हेतू. दुसरा उपाय व्हिव्हियन केलेम्स या बाईंनी 1927 साली अमेरिकेत काढलेल्या कंपनीने प्रसिद्धीस आणला. ती तारेची विणलेली जाळीदार नळी होय. केबलीवर चढवली असता जो जो ओढ बसते, तो तो ती अधिक आवळते. तिची कडी छताच्या आकड्यात अडकवली की भार जाळी वाहते.

तरीही गळणाऱ्या विजेचे भय उरलेच. आपल्या तीन पिनांच्या प्लगात भूसंपर्काची पिन जाड असते व लांबही असते; लांब याचसाठी की इतर दोहोंच्या आधी तिने सॉकेटात शिरावे. फ्यूज पुरेसा नाही काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कॅलिफोर्निया विद्यापीठातील चार्ल्स डालझील यांनी दिले. स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांवर प्रयोग करून त्यांनी दाखवले की, सुमारे 16 मिलिअँपिअर प्रवाहास सामान्य पुरुषाची मूठ उघडेनाशी होते. पाच अँपिअरच्या फ्यूजला त्याची दादही लागत नाही! म्हणून 1961 साली त्यांनी असे साधन रचले की, गेलेला व परतलेला प्रवाह यांत काही मिलिअँपिअरांचे अंतर पडताच ते वीज तोडते. आपल्याकडे माणसाच्या रक्षणासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवतात, तो याच तत्त्वावर चालतो.

या इतिहासाचे सार सहा वाक्यांत सांगता येईल. आकडा छताच्या भक्कम भागात असावा आणि भार साखळीने किंवा जाळीने वाहावा. केबल किंचित सैलच राहावी. केबल बहुतारी, रबरी वेष्टनाची व भूसंपर्काच्या तारेसह असावी. सॉकेटची पेटी वीज न वाहणाऱ्या पदार्थाची असावी. सॉकेट डोक्यास लागणार नाही, पण स्टुलावाचून हाताशी येईल, इतक्या उंचीवर टांगावा. आणि हे काम मेन बंद करून, टेस्टरने खात्री करून, परवानाधारक वायरमननेच करावे.

माझ्या विद्यार्थ्याने आता तसे केले आहे. त्याच्या कारखान्यात सॉकेट आजही छतावरूनच लोंबतो. परंतु भार साखळी वाहते आणि वायर केवळ वीज वाहते.