मूषाचं गोत्र आणि मस्कटीन

दंड वाकवून मुलं एकमेकांना बेटकुळी काढून दाखवतात. कातडीखाली हलणाऱ्या त्या गोळ्यात आपल्या पूर्वजांना बेडूक दिसला. रोमन लोकांना तिथेच उंदीर दिसला. लॅटिनमध्ये उंदीर म्हणजे ‘मुस’ आणि छोटा उंदीर म्हणजे ‘मुस्कुलुस’. स्नायूलाही ते मुस्कुलुसच म्हणत, आणि इंग्रजीतला ‘मसल’ तिथूनच आला. पण या शब्दाला तिसरा अर्थही होता : काळपट, लांबट, एका टोकाला निमुळता शिंपला. गोव्यात ज्याला शिनाणे म्हणतात, त्या आकाराचा. पाण्याकाठी दगडाला चिकटलेला तो शिंपला पाठमोऱ्या उंदरासारखा दिसतो हे खरंच आहे. इंग्रजीत तोही ‘मसल’च झाला, फक्त स्पेलिंग बदललं.

लॅटिन ‘मुस’ आणि संस्कृत ‘मूष’ सख्खी भावंडं. गणपतीच्या पायाशी मोदक कुरतडत बसलेला मूषक याच घरचा. संस्कृतातही या उंदराने असाच वेश पालटलेला आहे. ‘मुष्क’ म्हणजे मुळात छोटा उंदीर, मग आकारामुळे अंडकोष. कस्तुरीमृगाच्या पोटाखालची सुगंधी पिशवी तशीच दिसते, म्हणून फारसीत ‘मुश्क’ म्हणजे कस्तुरी. बहुतेक कोश हाच मार्ग देतात. पुढे ग्रीक आणि लॅटिनमधून इंग्रजीत ‘मस्क’. मस्कट द्राक्षं त्याच वासाची, आणि पिकल्यावर घरभर घमघमतं त्या खरबुजाचं इंग्रजी नाव मस्कमेलन.

म्हणजे शिंपला आणि खरबूज एकाच मूषाच्या गोत्रातले निघाले. हे समजल्यावर अमेरिकेच्या नकाशावर आयोवा राज्यात मिसिसिपीच्या काठी एक नाव वाचलं आणि मी जागचा उठलो : मस्कटीन. जेमतेम चोवीस हजार वस्तीचं गाव. प्रसिद्ध कशासाठी? नदीतल्या शिंपल्यांपासून केलेल्या बटणांसाठी आणि गावाखालच्या वाळूत पिकणाऱ्या कलिंगड-खरबुजांसाठी. शिंपले, खरबुजं, वर नावात ‘मस्क’. इतकं जुळून आल्यावर कोणाचाही विश्वास बसेल. माझा दोन दिवस बसला होता.

तारखांनी तो मोडला. १८३३ मध्ये इथे नदीकाठी व्यापाराचं एक ठाणं होतं. १८३९ मध्ये गावाची रीतसर नोंद झाली ती ब्लूमिंग्टन या नावाने. आसपासच्या राज्यांत ब्लूमिंग्टन बरीच होती आणि टपालाचा घोळ होई, म्हणून पुढच्या दहा-बारा वर्षांत गावाने जिल्ह्याचं नाव उचललं : मस्कटीन. बटणाचा पहिला कारखाना त्यानंतर चाळीस वर्षांनी निघाला. नाव आधी, शिंपला नंतर.

मग नाव आलं कुठून? मॅस्कूटेन नावाच्या आदिवासी जमातीवरून, इथवर फारसा वाद नाही. वाद आहे तो या जमातीच्या नावाच्या अर्थाचा, आणि मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते त्यानेच.

एक पक्ष म्हणतो, अर्थ ‘आग’. त्यांचा पुरावा तगडा आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंच लोक ग्रेट लेक्सच्या प्रदेशात आले, तेव्हा शेजारचे ह्यूरॉन लोक या जमातीला ‘आगीचे लोक’ म्हणत. फ्रेंचांनी तेच भाषांतर करून ‘नास्यों द्यु फ’, अग्निराष्ट्र, असं नाव नकाशावर चढवलं. मस्कटीनच्या खालच्या अंगाला नदीने टाकलेला सपाट वाळूचा पट्टा आहे, त्याला आजही मस्कटीन आयलंड म्हणतात. तिथलं उंच गवत पेटत असे, म्हणून हे ‘अग्निबेट’, असंही सांगितलं जातं.

दुसरा पक्ष म्हणतो, अर्थ ‘माळरान’. मी या पक्षाचा. अल्गॉन्कियन कुळातल्या ओजिब्वे भाषेत ‘मश्कोदे’ म्हणजे झाडं नसलेला गवताळ माळ आणि ‘इश्कोदे’ म्हणजे आग. दोन्ही शब्द एकदा मोठ्याने म्हणून पाहा. आयोवातच राहणाऱ्या मेस्क्वाकी लोकांच्या बोलीतही ही जोडी अशीच जवळजवळ आहे. मॅस्कूटेन स्वतः अल्गॉन्कियन बोलणारे, तर ह्यूरॉनांची भाषा इरोक्वॉयन, पार वेगळ्या कुळातली. शेजाऱ्याचं नाव कानावर पडलं, ‘माळ’च्या जागी ‘आग’ ऐकू आली आणि त्यांनी ऐकलं तसं आपल्या भाषेत उतरवलं. फ्रेंचांनी भाषांतराचं भाषांतर केलं. आगवाल्यांचा सगळ्यात जुना कागद म्हणजे परक्या कानाने केलेलं भाषांतर आहे. तो जुना आहे, पण घरातला साक्षीदार नाही. नावातला ‘म’ मात्र घरचा आहे, आणि तो माळाकडे बोट दाखवतो.

आगवाल्यांची एक गोष्ट मी मान्य करतो. ही माळरानं शिकारीसाठी, नव्या गवतासाठी मुद्दाम पेटवली जात. ज्या माणसाने क्षितिजभर पेटलेला माळ पाहिला, त्याला हे दोन शब्द एकमेकांत मिसळलेले वाटले तर नवल नाही. चूक झाली ती कानाची आणि डोळ्यांनी तिला दुजोरा दिला.

आता माझा स्वतःचा तर्क. मॅस्कूटेनचं ‘मस्कटीन’ का झालं? दक्षिणेकडच्या राज्यांत मस्कडाइन नावाचं रानद्राक्ष सगळ्यांच्या ओळखीचं, आणि ते मस्कटचंच भावंड. परक्या शब्दाला ओळखीच्या शब्दाची कापडं चढवायची ही सगळ्या भाषांची खोड आहे. तिकडून नदीने वर आलेल्या वसाहतवाल्यांच्या जिभेवर मस्कडाइन आधीच होतं, म्हणून मॅस्कूटेन त्या साच्यात बसलं. हे बरोबर असेल, तर कस्तुरीचा वास या नावाला लागला आहे, जन्माने नाही तरी उच्चाराने. याच गावच्या शाळेच्या संघाचं नाव ‘मस्कीज’. तेही कस्तुरीचं नाही. मस्की म्हणजे मस्कलंज हा मासा, आणि तो शब्द ओजिब्वेतून आला, अर्थ साधारण ‘कुरूप पाइक मासा’. या गावात ‘मस्क’ दिसला की आधी ओजिब्वे कोश उघडावा.

आता शिंपला. हॅम्बर्गजवळच्या ओटेन्सनचा जॉन बोपल हा हाड, शिंग आणि शिंपल्यांची बटणं कातणारा कारागीर. तो अमेरिकेत आला. नदीत उतरला असता पायाला काही तरी कापलं, वाकून पाहतो तर हवा तसा शिंपला, अशी त्याची हकिकत सांगतात. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने परदेशी बटणांवर जबर जकात बसली आणि नदीतला शिंपला एकाएकी परवडू लागला. १८९१ मध्ये त्याने मस्कटीनला काम सुरू केलं.

नदीच्या तळाशी शिंपले प्रवाहाकडे तोंड उघडून बसतात. आकड्यांची झुंबरं लावलेली आडवी दांडी होडीतून ओढत न्यायची. आकडा आत शिरला की शिंपला तोंड मिटतो आणि अलगद वर येतो. काठावर त्यांना उकडायचं, मांस काढायचं, मग नळीसारख्या गोल करवतीने चकत्या पाडायच्या. शिंपल्यांना तिथल्या लोकांनी दिलेली नावं ऐका : धुणं घासायच्या फळीसारखा तो ‘वॉशबोर्ड’, डुकराच्या खुरासारखा ‘पिगटो’, पैशाच्या पाकिटासारखा ‘पॉकेटबुक’, ‘मंकीफेस’, ‘हीलस्प्लिटर’. रोमनांना उंदीर दिसला, इथल्यांना माकड. पाहायची रीत तीच.

चकत्या घासणं, भोकं पाडणं ही कामं गावच्याच बॅरी मंडळींच्या यंत्रांनी सोपी केली. कार्डावर बटणं शिवण्याचं काम घरोघर बायका-मुलं करत. १९०५ च्या सुमारास वर्षाला दीड अब्ज बटणं, जगातल्या बटणांपैकी सुमारे ३७ टक्के, या एका गावातून जात. काम ओलं आणि धुळीचं. चकत्या मोजण्यातल्या गडबडीवरून कुरबुर साचत गेली आणि १९११ मध्ये मोठा संप पेटला. तोवर नदीही रिकामी होत चालली होती. शिंपल्याची पिल्लं काही आठवडे माशांच्या कल्ल्यांना चिकटून वाढतात, म्हणून जवळच्या फेअरपोर्टला सरकारी केंद्रात मासे-शिंपले एकत्र वाढवायचे प्रयोग झाले. बोपल अखेरीस त्याच केंद्रासाठी काम करत होता. १९१२ मध्ये तो गेला. शिंपल्याने पाय कापला आणि ती जखम चिघळली.

गावाच्या इतिहासात बटणाबाहेरही पुष्कळ आहे. मार्क ट्वेन १८५० च्या दशकात काही काळ इथे राहिला आणि इथला सूर्यास्त विसरला नाही. शी जिनपिंग १९८५ मध्ये चीनमधले एक तरुण जिल्हा अधिकारी म्हणून इथे एका घरी पाहुणे होते. आणि अलेक्झांडर क्लार्क : या कृष्णवर्णीय व्यावसायिकाच्या मुलीला गोऱ्यांच्या शाळेने दार लावलं, तो न्यायालयात गेला आणि १८६८ मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या. बाकी देशाला तिथवर यायला आणखी ८६ वर्षं लागली. या गावाचं नाव जगाने बटणाआधी याच्यासाठी लक्षात ठेवायला हवं होतं.

प्लॅस्टिक आलं आणि बटणं संपली. गोल भोकांनी चाळण झालेल्या शिंपल्यांचे ढीग गावभर उरले. ते रस्त्यांत, भरावात गेले आणि काही तिथल्या बटण-संग्रहालयात ठेवले आहेत. शिंपल्याला मात्र दुसरं गिऱ्हाईक मिळालं. जपानात समुद्री कालवांत मोती वाढवायला आत जो गोल मणी ठेवावा लागतो, तो मिसिसिपी आणि तिच्या उपनद्यांतल्या जाड शिंपल्याचा सगळ्यात चांगला ठरला. वॉशबोर्ड, पिगटो जहाजाने जपानला जाऊ लागले आणि कापून, घासून गोल केले जाऊ लागले. कालव त्यावर पातळ थर चढवतं. मोत्याचा बहुतेक भाग तो मणीच असतो.

आपल्याकडे सराफ ज्याला ‘कल्चर मोती’ म्हणतात, त्यातला जपानी समुद्री मोती असा असतो. बसराचा मोती पोटापर्यंत मोती, आणि याच्या पोटात नदीचा शिंपला. एका जुन्या तन्मणीतला भोकाजवळ झिजलेला मोती मी भिंगाखाली धरला होता. वरच्या चकाकत्या सालीखाली पांढऱ्या मण्याची कड स्पष्ट दिसत होती, आणि त्या पांढऱ्यात नदीच्या शिंपल्याचे सरळ, समांतर थर.