ब्लॅकबर्न रोव्हर्सचे दोन धनी : इंग्लिश फुटबॉल क्लबांच्या मालकीविषयी

धनाढ्य गुंतवणूकदार आणि व्यावसायिक फुटबॉल क्लब यांच्या संबंधांचा विचार बहुधा मोठ्या क्लबांच्या अनुषंगानेच केला जातो. २००३ मध्ये रोमान अब्रामोविच यांनी चेल्सी विकत घेतला, २००५ मध्ये अमेरिकेतील ग्लेझर कुटुंबाने मँचेस्टर युनायटेडवर ताबा मिळवला. या व्यवहारांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु या संबंधांचे मूळ स्वरूप समजून घ्यावयाचे असेल, तर लँकशायरमधील ब्लॅकबर्न या गिरणगावाकडे वळणे अधिक उपयुक्त ठरते. तेथील ब्लॅकबर्न रोव्हर्स या एकाच क्लबने वीस वर्षांच्या आत दोन धनिक पाहिले. त्यांपैकी एक गावातलाच, तर दुसरा थेट पुण्याचा.

फुटबॉलमध्ये पैसा अलीकडे शिरला, हा समज प्रथम दूर करावयास हवा. १८८३ मध्ये याच गावातील ब्लॅकबर्न ऑलिंपिक या कामगारांच्या संघाने ओल्ड एटोनियन्सचा पराभव करून एफ. ए. कप जिंकला. सामन्यापूर्वी त्या संघाने ब्लॅकपूल येथे केलेल्या सरावाचा खर्च एका लोखंडाच्या ओतशाळेच्या मालकाने उचलला होता. दोनच वर्षांनी, १८८५ मध्ये, फुटबॉल असोसिएशनला व्यावसायिक खेळाडूंना मान्यता देणे भाग पडले. क्लब हळूहळू मर्यादित कंपन्या बनले. मात्र असोसिएशनने लाभांशावर मर्यादा घातली आणि संचालकांना वेतन घेण्यास मनाई केली. आरंभी पाच टक्के असलेली लाभांशाची ही मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढविण्यात आली. क्लबचा संचालक होणे हा गावातील प्रतिष्ठेचा भाग होता, कमाईचा नव्हे. आपल्याकडे तालमीला आश्रय देणाऱ्या संस्थानिकांची आठवण येथे सहज होते, पण संस्थानिकाची तिजोरी रयतेच्या कराने भरत असे, हा फरक विसरता येत नाही. १९८१ मध्ये वेतनावरील बंदी शिथिल झाली. १९८३ मध्ये टॉटनहॅम हॉटस्पर क्लबने स्वतंत्र धारक कंपनी स्थापून तिचे समभाग लंडनच्या शेअर बाजारात आणले. नियम कागदावर राहिला, त्याचा अर्थ संपला.

या पार्श्वभूमीवर जॅक वॉकर यांचा उदय पाहावा लागतो. ब्लॅकबर्नमध्येच १९२९ साली जन्मलेल्या वॉकर यांनी पत्र्याच्या कामापासून सुरू झालेला कौटुंबिक व्यवसाय प्रचंड वाढवला आणि पुढे तो ब्रिटिश स्टील कंपनीला सुमारे ३३ कोटी पौंडांना विकला. १९९१ च्या आरंभी त्यांनी रोव्हर्सचा ताबा घेतला, तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत रखडत होता. केनी डॅल्ग्लिश व्यवस्थापक म्हणून आले. १९९२ मध्ये अॅलन शिअरर यास ३३ लाख पौंडांहून अधिक मोबदला देऊन आणण्यात आले. ईवूड पार्क मैदानाच्या तीन बाजू नव्याने बांधल्या गेल्या. १४ मे १९९५ रोजी अखेरचा सामना लिव्हरपूलमध्ये हरूनही रोव्हर्स विजेते ठरले, कारण त्याच वेळी मँचेस्टर युनायटेडला वेस्ट हॅमविरुद्ध बरोबरीवर समाधान मानावे लागले. १९१४ नंतर ८१ वर्षांनी हे विजेतेपद गावात परतले. वॉकर यांचा पुतळा आज मैदानाबाहेर उभा आहे आणि तो यथायोग्यच आहे.

तथापि इतिहासकाराने पुतळ्याबरोबर ताळेबंदही पाहावा. वॉकर यांनी क्लबला यश दिले, पण स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहण्याची सवय दिली नाही. त्यांच्या हयातीतच, १९९९ मध्ये, क्लब पुन्हा खालच्या श्रेणीत गेला. ऑगस्ट २००० मध्ये त्यांचे निधन झाले. मालकी कौटुंबिक विश्वस्त निधीकडे गेली आणि विश्वस्तांना कालांतराने गिऱ्हाईक शोधावे लागले.

ते गिऱ्हाईक नोव्हेंबर २०१० मध्ये पुण्यात मिळाले. कुक्कुटपालन व्यवसायातील वेंकीज समूहाने सुमारे २.३ कोटी पौंड देऊन आणि क्लबचे कर्ज अंगावर घेऊन रोव्हर्स खरेदी केला. प्रीमियर लीगमधील क्लबाचे हे पहिले भारतीय मालक. ज्या ब्लॅकबर्नच्या मागांवर विणलेली धोतरे एकेकाळी हिंदुस्थानच्या बाजारात येत, आणि ज्याच्या शेजारच्या डार्वेन येथे १९३१ मध्ये गांधीजी बेकार गिरणी कामगारांना भेटले, त्या गावाचा क्लब पुण्याच्या मालकीचा व्हावा, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे. पुढचा घटनाक्रम मात्र सुखद नाही. महिन्याच्या आत अनुभवी व्यवस्थापक सॅम अॅलर्डाइस यांना दूर करण्यात आले. ७ मे २०१२ रोजी विगनविरुद्धच्या ज्या सामन्यात क्लबची घसरण निश्चित झाली, त्याच सामन्यात प्रेक्षकांनी क्लबचा ध्वज गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानावर सोडली. २०१७ मध्ये तर क्लब तिसऱ्या श्रेणीत पोहोचला. तेथून तो वर्षभरातच वर आला.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट सांगितली पाहिजे. वेंकीजने क्लब ओरबाडला, असे म्हणण्यास आधार नाही. उलट वर्षानुवर्षांची तूट त्यांनीच स्वतःच्या पैशातून भरून काढली. मग वॉकर आराध्य आणि पुणेकर मालक निंद्य का ठरले? प्रेक्षकांच्या रोषात परकेपणाचा अंश नव्हताच, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु मुख्य कारण वेगळे दिसते. वॉकर बालपणापासून ज्या संघाचे चाहते होते, तो त्यांनी घेतला आणि चुकले तर त्यांना रस्त्यात जाब विचारणारे लोक होते. पुण्यात तो जाब पोहोचत नव्हता. कायद्याच्या दृष्टीने मात्र दोन्ही मालक अगदी सारखे होते : बहुसंख्य समभागांचे धारक, आणि गावाला कोणतेही उत्तर देण्यास बांधील नसलेले. वॉकर यांनी जे उत्तरदायित्व मानले, ते स्वभावाने मानले.

हीच उणीव ब्लॅकबर्नपासून फार दूर नसलेल्या बरी या गावात जीवघेणी ठरली. १८८५ मध्ये स्थापन झालेला तेथील क्लब डिसेंबर २०१८ मध्ये अवघ्या एका पौंडाला विकला गेला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये लीगमधून बडतर्फ झाला. जर्मनीत १९९८ पासून क्लबच्या सभासदांकडे मताधिकाराचे बहुमत राखण्याचा नियम आहे; इंग्लंडने तो मार्ग स्वीकारला नाही. तेथे २०२५ च्या फुटबॉल प्रशासन कायद्याने स्वतंत्र नियामक नेमण्याची तरतूद झाली. मालकांची पात्रता तपासणे, क्लबांना परवाने देणे आणि मैदानाच्या विक्रीवर नियंत्रण ठेवणे हे अधिकार त्याच्याकडे आले. चाहत्यांचे म्हणणे ऐकून घेण्याचे बंधन त्यात आहे. त्यांना मताचा अधिकार नाही.