समासाची जागा कोणाची?

व्याकरणातला समास शब्द जोडतो. कागदावरचा समास मजकुराला कडेपासून दूर ठेवतो. वहीत समास आखला नाही तर मास्तर रागावत, एवढेच बहुतेकांना आठवत असेल. परंतु ही कोरी पट्टी सोडायची कोणासाठी, हा प्रश्न विद्येच्या इतिहासात फार जुना आहे.

तेराव्या शतकात इटलीतील बोलोन्या येथे रोमन कायद्याचे अध्ययन चाले. तेथील हस्तलिखितांत सम्राट जस्टिनियनचा कायदा पानाच्या मध्यभागी आणि भोवतालच्या समासांत आचार्यांच्या टीपा, अशी मांडणी असे. अक्कुर्सियस या पंडिताने या टीपांचा जो संग्रह सिद्ध केला, तो न्यायालयांत मूळ कायद्याच्या बरोबरीने आधाराला घेतला जाऊ लागला. समासातला वाचक सम्राटाच्या पंक्तीला येऊन बसला!

पुढे 1637च्या सुमारास फर्मा या फ्रेंच न्यायाधिकाऱ्याने डायोफँटसच्या गणितग्रंथाच्या समासात एक सिद्धान्त टिपला आणि सिद्धता मांडण्यास येथे जागा पुरत नाही, असेही नमूद केले. त्याच्या मुलाने 1670 मध्ये तो ग्रंथ त्या टीपांसह छापला. सिद्धता प्रसिद्ध झाली ती 1995 मध्ये, अँड्र्यू वाइल्स यांची. समासातल्या चार ओळींनी गणितज्ञांना तीनशेंहून अधिक वर्षे कामाला लावले.

या समासाला विद्यापीठीय प्रबंधात मोजमाप कसे आले? टंकयंत्र आल्यावर ते सोपे झाले. डावी-उजवी मर्यादा यंत्रावर लावता येई, ओळ संपत आली की घंटी वाजे. शिकागो विद्यापीठात 1930 ते 1958 पर्यंत प्रत्येक प्रबंध केट टुराबियन या बाईंच्या नजरेखालून जाई. त्यांनी 1937 मध्ये विद्यार्थ्यांसाठी नियमांची एक पुस्तिका तयार केली. पुढे तिच्या लाखो प्रती खपल्या. चारही बाजूंना निदान एक इंच समास, बांधणीसाठी डावीकडे हवा तर अधिक, ओळींत दुप्पट अंतर, असे ते साधे नियम. आणि हे शिकवणाऱ्या बाई स्वतः कॉलेजात गेलेल्या नव्हत्या.

या नियमांना कारकुनी जाच म्हणून हसणारे पुष्कळ आहेत. मजकूर कमी पडला की समास रुंदावणारे चतुर विद्यार्थीही आहेतच. पण आम्ही कामगार चळवळीतली माणसे या कोऱ्या इंचाकडे निराळ्या दृष्टीने पाहतो. डावीकडची जागा बुकबाइंडरच्या सुईदोऱ्याची आहे. ती सोडली नाही तर अक्षरे शिवणीत जातात. उजवीकडची जागा परीक्षकाच्या पेन्सिलीची, म्हणजे प्रतिवादाची आहे. काठोकाठ लिहिणारा माणूस दुसऱ्याला बोलू देत नाही.

आणखी एक गोष्ट. पंडिताच्या घरचा मुलगा लेखनाची रीत घरातच शिकतो. गिरणी कामगाराच्या मुलीला ती कोण सांगणार? छापलेला नियम सांगतो. म्हणून नियम उघड आणि सर्वांना सारखा असावा. मात्र अर्धा इंच चुकला म्हणून कोणी विचारच परत पाठवू लागला, तर तो नियमाचा हेतू विसरला असे समजावे. समास दुसऱ्यासाठी राखलेला असतो. दुसऱ्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी तो वापरणे हा त्याचा अपमान होय.